कपाळावर अठरा

मी एक गेम बोलतोय. पडद्यावर खेळायचा, तबकडीत राहणारा. जन्माला येऊन मला जेमतेम चार वर्षं झाली, पण माझ्या कपाळावर बराच काळ अठराचा आकडा होता, लाल चौकोनात, रस्त्यावरूनही दिसेल असा. अठरा वर्षांखालच्यांनी माझ्या वाटेला जाऊ नये, अशी ती तंबी होती. तो आकडा पाहून तुमच्या मनात माझ्याबद्दल जे काही आलं असेल, ते पुष्कळांच्या मनात आलं. काहींनी तर त्याचसाठी मला विकत घेतलं. त्या बिचाऱ्यांची सगळ्यात जास्त निराशा झाली.

एक खुलासा आधीच केलेला बरा. माझ्या डब्या अनेक आहेत, पण मी एकच आहे. एका घरात मला जे कळतं ते माझ्या सगळ्या डब्यांना कळतं. कसं, ते विचारू नका. एका स्वयंपाकघरात बोललेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कशी कळते, हे तुम्ही सांगू शकाल का? तसंच हे.

माझा जन्म एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत झाला. खालून इस्त्रीची वाफ यायची, त्यामुळे खोली हिवाळ्यात उबदार असायची आणि उन्हाळ्यात तिथे बसणाऱ्यांनाच इस्त्री व्हायची. खोलीत तिघं जण काम करायची. एक ताई. तिने मला जन्म दिला. दुसरी चित्रं काढणारी. तिच्या अंबाड्यात सदैव दोन पेन्सिली खोचलेल्या असायच्या आणि ती तिसरी शोधत असायची, म्हणून तिचं नावच पेन्सिल पडलं. तिसरा, दिवसभर मला खेळून माझ्यातल्या चुका काढणारा. त्याला सगळे शंकासुर म्हणायचे. बशीतली बिस्किटंसुद्धा तो मोजून बघायचा आणि मग कोणाकडे तरी संशयाने पाहायचा. पगार घेऊन गेम खेळतो, ही गोष्ट त्याने सासूला चारदा समजावून सांगितली. पाचव्यांदा तिने जावयासाठी दुसरीकडे नोकरी बघितली.

ताईने मला घडवलं ते आपल्या बाबांवरून. बाबा शिंपी. दुकान बंद झालं की ते कापड बेतायच्या टेबलावर बसायचे, लहानग्या ताईला समोर बसवायचे आणि पत्ते पिसायचे. डाव साधा होता. पानं पालथी टाकायची आणि टाकताना सांगायचं, 'दोन राण्या,' 'तीन गुलाम.' खरं सांगा नाहीतर थाप मारा. समोरच्याला संशय आला तर त्याने 'खोटं!' म्हणून ओरडायचं. थाप पकडली गेली तर थाप मारणाऱ्याचं एक बटण गेलं. उगाच संशय घेतला तर संशय घेणाऱ्याचं गेलं. बटणं दुकानातलीच, एका पत्र्याच्या डब्यात जमलेली. शिंपल्याची, लाकडाची, पितळी, आणि कोणाच्या तरी लग्नाच्या कोटाचं उरलेलं एक निळं.

बाबांना थाप मारता येत नसे. थाप मारताना त्यांचा हात गळ्यातल्या टेपकडे जायचा आणि टेपचं टोक ओढलं जायचं. ताईलाही येत नसे. तिची जीभ आतून गालाला टेकायची आणि गाल फुगायचा. तरी शेवटचा डाव रोज तीच जिंकायची आणि निळं बटण मुठीत घेऊन झोपी जायची. आपला फुगलेला गाल बाबांना रोज दिसत होता आणि ते रोज गप्प बसत होते, हे कळायला तिला मोठं व्हावं लागलं.

एवढाच मी. सुरुवातीला तुम्ही ती लहान मुलगी असता. बाबांची टेप हलली की 'खोटं!'ची कळ दाबायची, बटणं जिंकायची. तुमची थाप मात्र बाबा कधीच पकडत नाहीत. अध्ये-मध्ये शाळा, गिऱ्हाइकं, आईचं आजारपण. शेवटच्या डावात तुम्ही मोठ्या झालेल्या असता. बाबा थकलेले असतात. त्यांच्या पुढ्यात एकच बटण उरलेलं असतं, निळं. ते म्हणतात, 'तीन राजे,' आणि टेप ओढतात. कळ तुमच्या बोटाखाली असते. दाबा किंवा दाबू नका. माझ्यात जीव आहे तो या एका जागी. बाकी मी आपला बरा गेम आहे, चित्रं छान, गाणी दोन.

गेम दुकानात जायचा तर आधी मंडळाकडे जावं लागतं. कोणत्या गेममुळे किती वर्षांचं मूल बिघडेल, हे ठरवणारं मंडळ. सात, बारा, सोळा, अठरा, असे त्यांचे शिक्के. मंडळातल्या माणसांना सगळे गेम शेवटपर्यंत खेळायला वेळ कुठला? म्हणून पद्धत अशी की, गेम करणाऱ्यांनी स्वतःच आपल्या गेममधले जास्तीत जास्त आक्षेपार्ह प्रसंग निवडायचे, त्यांची एक छोटी चित्रफीत करायची आणि गेमसोबत पाठवायची. आपल्या मुलाचे अवगुण आपणच गोळा करून मास्तरांना नेऊन द्यायचे, असा प्रकार.

हे काम शंकासुराकडे आलं आणि तो फार अडचणीत सापडला. त्याला आक्षेपार्ह असं काही मिळेचना.

"एके ठिकाणी बाबा तिला 'गाढवा' म्हणतात," तो आशेने म्हणाला.

"प्रेमाने म्हणतात," ताई म्हणाली.

"कात्री खाली पडते."

"कोणाला लागते का?"

"नाही. तुम्ही लागू द्यायला हवी होती." तो उदास झाला. कोरी फीत पाठवणं त्याला अप्रामाणिकपणाचं वाटत होतं. जो माणूस 'माझ्यात काही दोष नाही' म्हणून सांगतो त्याच्याकडे आपण कसं बघतो, ते आठवा. शेवटी त्याने ठरवलं, काहीतरी पणाला लावून पत्ते खेळतात ना, तेवढं दाखवू. शेवटच्या डावाचा प्रसंग त्याने फितीत घातला, पाकीट बंद केलं आणि पाठवून दिलं. पाठवण्याआधी ती फीत कोणी पाहिली नाही. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तपासल्या त्याचं काम कोण कशाला तपासेल?

मंडळाची खोली मी पाहिली. लांबट टेबल, दोन पडदे, खिडकीत एक रोपटं. ते जगवायची जबाबदारी सगळ्यांची होती, म्हणून ते सुकत होतं. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या एक वयस्क बाई आणि त्यांचा तरुण मदतनीस. माझ्या आधी एक लढाईचा गेम होता. त्यातल्या वीराने एका दुपारी एक अख्खं शहर मोकळं केलं. पण मेलेला माणूस पडायचा नाही, धुराचा एक गोळा होऊन विरून जायचा.

"रक्त?" बाईंनी विचारलं.

"एक थेंब नाही. मेलेत की कंटाळून निघून गेलेत, तेच समजत नाही."

"बारा," बाई म्हणाल्या.

मग माझी फीत लागली. बाई पडद्याकडे वाकल्या. मग चष्मा सापडला आणि पुन्हा वाकल्या.

"मुलगी. पणाला काहीतरी लावून पत्ते. बापाबरोबर." त्यांनी शिक्के जवळ ओढले. "इथे दुसरा विचारच करता येत नाही रे. जुगार आहे. अठरा."

"बाप कसला आहे बघा," मदतनीस म्हणाला.

"बापाचा शिक्का आपल्याकडे नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी माझा सुरुवातीचा भागही थोडा खेळून पाहिला. त्यात बाबा ताईच्या फ्रॉकला खिसा लावत होते. बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर 'हे काहीतरी चुकतंय' असं दिसलं. पण मागे गेमचा ढीग होता, आणि ढिगासमोर शंका फार टिकत नाही. मी त्यांना दोष देत नाही.

अशा रीतीने शहर रिकामं करणारा बाराचा झाला आणि खिसा शिवणारा अठराचा.

माझ्या डब्या छापून दुकानांना पुरवणारा एक वितरक होता. तो फोनवर बोलतानाही हातवारे करायचा. बातमी ऐकून तो जातीने जिना चढून वर आला.

"अठरा काही वाईट नाही हो ताई. अठरावर माल खपतो. पोरं आकडा बघून उड्या मारतात. पण मग आत तसं काहीतरी हवं ना! एखादा खून बसवा."

"कोणाचा?"

"कोणाचाही. गिऱ्हाइकाचा करा. शिंपी आहे, हाताशी कात्री आहे, सगळं कसं तयार आहे..."

"ते माझे बाबा आहेत."

"हां हां. मग नको." त्याने हात खिशात घातले म्हणजे आता तो खरं बोलणार होता. "मग तो पणाचा भाग काढून टाका. बटणं नकोत. सातचा शिक्का मिळेल. मोठ्या दुकानात सातला अख्खी भिंत असते, ताई. अठराला एक कपाट, तेही कुलुपातलं, आणि ते बड्या कंपन्यांनी आधीच भरलेलं. इकडचं तरी व्हा नाहीतर तिकडचं. असं अधांतरी राहिलात तर पुढच्या डब्या मी काढणार नाही. आणि मी नाही काढल्या, तर ही खोली खालच्या लाँड्रीवाल्याला हवीच आहे."

पेन्सिलने अंबाड्यातल्या दोन्ही पेन्सिली काढून टेबलावर ठेवल्या.

मी दुकानात गेलो तो कुलुपाच्या कपाटात. आजूबाजूला सगळे खुनी, दरोडेखोर आणि एक राक्षसीण. शेजार म्हणून माणसं चांगली होती. कोणी कोणाला त्रास देत नसे. काचेबाहेर सातची भिंत दिसायची. तिथे आजोबा नातवंडांना घेऊन उभे असत, आया डब्या उलटून मागचा मजकूर वाचत. माझ्यासारख्याला घेणारी माणसं ती. पण त्यांची नजर माझ्या लाल चौकोनापाशी आली की चटका बसल्यासारखी बाजूला व्हायची.

मला घेतलं एका तरुणाने. त्याने मला जाकिटाच्या आत लपवून घरी नेलं, दार लावलं, आवाज बारीक केला आणि वाट पाहत बसला. बऱ्याच वेळाने त्याने मित्राला फोन केला.

"अरे, मघापासून बाप-लेक बटणांवर पत्ते खेळतायत."

"थांब जरा. पुढे असेल काहीतरी."

"पुढे तिची शाळा आहे."

"अठरा आहे ना? उगाच देतील का अठरा? खेळ तू."

मित्रही येऊन बसला. या आशेवर दोघे शेवटच्या डावापर्यंत आले. बाबांनी टेप ओढली. मित्र ओरडला, "दाब, दाब!" तरुणाने दाबली नाही. मग बराच वेळ दोघांपैकी कोणी दुसऱ्याकडे बघितलं नाही. मित्र गेल्यावर तरुणाने आपल्या वडिलांना फोन लावला. 'काही नाही, सहजच,' म्हणाला. वडिलांना वाटलं, पैसे हवे असणार. दुसऱ्या दिवशी तो दुकानात जाऊन सांगून आला की, या गेममध्ये 'तसलं' काही नाही, फसवणूक आहे. डबी मात्र परत दिली नाही. दुकानदाराने ते ज्याला त्याला सांगितलं आणि माझी उरलीसुरली गिऱ्हाइकंही गेली.

इकडे घरी वेगळीच तऱ्हा. ताईची मुलगी अकरा वर्षांची. एका जागी बसत नसे म्हणून आजोबांनी, म्हणजे ताईच्या बाबांनी, तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. आईने गेम केला, हे तिने शाळेत सगळ्यांना सांगितलं. मग कोणीतरी दुकानात तो गेम पाहिला. मग शेजारीण आली. आपल्या मुलीला दारातच थांबवून तिने ताईला हळू आवाजात विचारलं, "राग मानू नका हं. पण नक्की काय आहे हो त्या गेममध्ये?"

"काही नाही हो. बटणं आहेत."

शेजारणीने ताईकडे पाहिलं, मग आपल्या मुलीचा हात घट्ट धरला. "बरं, येते," म्हणाली. त्या दिवसापासून ती मुलगी भिंगरीकडे खेळायला यायची बंद झाली. भिंगरी खिडकीत बसून राहिली. ती एका जागी बसली म्हणून आजोबांना काळजी वाटू लागली.

तेव्हा ताईने हार मानली. तिने माझ्यातली बटणं काढून टाकली. किती सोपं असतं हो ते! एका दुपारचं काम. आता मी तोच होतो, तेच टेबल, तीच टेप, पण समोर ठेवायला काही नाही. मला दुखलं नाही. नुसतं हलकं हलकं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. फरक इतकाच की, उतरला तो ताप नव्हता.

ही नवी आवृत्ती तिने बाबांपुढे ठेवली. बाबांचं दुकान आता बंद झालं होतं आणि नजर मंदावत चालली होती. सुईत दोरा ओवायचं त्यांनी सोडलं होतं. टेप मात्र गळ्यात असायचीच. ती काढली की थंडी वाजते, म्हणायचे. पडद्याला जवळजवळ नाक लावून ते खेळले.

"हे दोघं कशावर खेळतायत?"

"कशावरच नाही, बाबा."

"मग हा शिंपी गप्प का बसला? तिची थाप दिसली ना त्याला?"

"दिसली. पण..."

"तिचं काही जाणारच नाहीये तर गप्प बसायचं कशाला? 'खोटं' म्हणावं की सरळ." बाबांनी मान हलवली. "हा मी नव्हे गं. हा भलताच कोणीतरी आहे. आणि मंडळाचं बटणांशी काय वाकडं आहे?"

"ते म्हणतात जुगार आहे."

"बटणांचा?"

ताईने वैतागून मंडळाला गेलेली ती फीत लावली. तीही ती पहिल्यांदाच पाहत होती. पडद्यावर शेवटचा डाव सुरू झाला. पण टेबलावर बटणं नव्हती. पिवळेजर्द गोल होते, चमकणारे, एकावर एक रचलेले. बाप हरला आणि खणखणाट झाला.

बाबांनी पडद्याकडे बोट केलं. "ही नाणी आहेत."

"बाबा..."

"मी तुझ्याशी पैशावर खेळलो कधी?" ते रागावले नव्हते. रागावले असते तर ताईला सोपं गेलं असतं. "चार परक्या माणसांनी हे पाहिलं आणि त्यांना वाटलं, हा असा बाप."

दुसऱ्या दिवशी शंकासुराला खुर्चीत बसवण्यात आलं.

"पुऱ्या झालेल्या गेममध्ये शेवटच्या डावापर्यंत जायचं म्हणजे अख्खा गेम खेळावा लागतो हो," तो म्हणाला. "अगदी जुन्या, कच्च्या आवृत्तीत मी एक कळ ठेवली होती. दाबली की थेट शेवटचा डाव. म्हटलं, तिथूनच चित्रण करू."

"पण जुन्यात बटणं नव्हतीच!" पेन्सिल म्हणाली. "मी काढलीच नव्हती तोवर."

"म्हणून तर मी पिवळे गोल टाकले होते. तात्पुरते."

"आणि तो आवाज?"

"तोही तात्पुरता. दुसऱ्या एका गेममधून आणलेला."

"कुठल्या गेममधून?"

शंकासुर बशीतल्या बिस्किटांकडे बघत राहिला. "जुगारअड्ड्याच्या."

पेन्सिलला हसू फुटलं, ती हसता हसता रडली, आणि शंकासुराने त्या दिवशी बिस्किटं मोजली नाहीत.

ताईने मंडळाकडे फेरविचाराची विनंती केली. बटणं पुन्हा जागेवर आली. सुनावणीला निघताना बाबा कपडे करून दारात उभे, बगलेत पत्र्याचा डबा.

"बाबा, तुमचं काय काम तिथे?"

"माझ्याबद्दलच बोलणार ना? मग माझ्यासमोर बोला."

तीच खोली, त्याच बाई. रोपटं गेलं होतं, कुंडी होती. ताईने झालेली चूक सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चूक तुमच्या माणसाची. पण सही माझी आहे. मी पूर्ण खेळून बघते."

आणि त्या खेळल्या. मदतनीस चहा आणून गेला, तो तसाच निवला. बाबा बाजूच्या खुर्चीत मांडीवर डबा धरून ताठ बसले होते, दवाखान्यात नंबर लावून बसावं तसे. बाई शेवटच्या डावाला आल्या. पडद्यावरचा म्हातारा म्हणाला, 'तीन राजे.' टेप हलली. बाईंनी तत्परतेने कळ दाबली. जन्मभर चुका पकडायची नोकरी केलेलं बोट ते.

'पकडलंस गाढवा,' पडद्यावरचे बाबा हसले आणि त्यांनी निळं बटण पुढे सरकवलं. मग रिकाम्या टेबलावर नुसताच हात फिरवत राहिले. मी संपलो.

बाईंनी चष्मा काढला. "मी जिंकले ना? मग मला असं का वाटतंय?"

त्यांनी चष्म्याच्या काचा पदराने पुसल्या.

"यात हरायचं असेल तर काय करायचं?"

"वेगळं काही नाही," बाबा म्हणाले. "टेप बघायची आणि गप्प बसायचं."

"शेवटचा डाव पुन्हा लावा." बाईंनी चष्मा घातला.

"मॅडम, नियमाप्रमाणे एकदाच..." मदतनीस म्हणाला.

"हे नियमाप्रमाणे नाही."

या वेळी टेप हलली तेव्हा बाईंचं बोट कळेवर होतं. ते तसंच राहिलं. पडद्यावरच्या बाबांनी वाट पाहिली, लेकीकडे पाहिलं आणि लहान मुलासारखं निळं बटण मुठीत मिटून घेतलं. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

मग त्यांनी आपला अधिकाऱ्याचा आवाज परत आणला. "पैसे नाहीत, मान्य. जुगार म्हणता येणार नाही. पण तुम्ही मुलांना थापा मारायला शिकवताय."

"थापा ओळखायला," ताई म्हणाली.

"आणि ओळखून गप्प बसायला," बाई म्हणाल्या. "ते चांगलं की वाईट, यासाठी आमच्याकडे रकाना नाही. सात मी देऊ शकत नाही. सात वर्षांच्या पोराला हे कळणार नाही, ते नुसतं जिंकत सुटेल. बारा."

ताईला वाद घालायचा होता. बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला. "बाई बरोबर बोलतायत," ते म्हणाले. "तुला तर तिशीत कळलं."

निघताना बाईंनी डब्याकडे बोट केलं. "त्यात आहे का ते निळं?"

बाबांनी झाकण उघडून दाखवलं.

नवी डबी छापायची वितरकाची तयारी नव्हती, म्हणून जुन्या डब्यांवरच नवे शिक्के चिकटवायचे ठरले. लाँड्रीवरच्या खोलीत तिघं जण बसून अठरावर बारा चिकटवत होती. शंकासुर प्रत्येक शिक्का पट्टीने तपासायचा. तरी बारा थोडा लहान निघाला आणि त्याच्या कडेने लाल रेघ दिसत राहिली. आजही माझी जुनी डबी हातात घेतलीत तर ती दिसेल.

दुकानात मी कुलुपाबाहेर आलो. सातची भिंत नाही, पण तिच्या शेजारची फळी मिळाली. बाजूला तोच शहर मोकळं करणारा वीर. सुरुवातीला मजा अशी झाली की, अठरा असताना जो काही चुकून विकला जायचो, तेवढाही विकला जाईना. पोरांचा माझ्यातला रस संपला आणि आया त्या लाल रेघेकडे बघून म्हणायच्या, खाली काय लपवलंय कोण जाणे. मग हळूहळू कोणी कोणाला सांगितलं. पहिल्यांदा मला घेऊन गेलेला तो तरुण पुन्हा आला आणि या वेळी जाकिटात न लपवता दुसरी डबी घेऊन गेला. वडिलांसाठी. माझ्या रांगा लागल्या नाहीत. पण खोली राहिली, वाफ राहिली, आणि शंकासुराच्या सासूने नोकरी बघायचं थांबवलं.

शेजारीणही आली. तिने डबी उलटून पाहिली, सुलटून पाहिली, आणि म्हणाली, "बटणं म्हणजे शर्टाची होय!" त्या संध्याकाळी तिची मुलगी भिंगरीकडे आली आणि दोघींनी मिळून घर डोक्यावर घेतलं.

भिंगरीला मात्र मी अजून मिळालेलो नाही. ती अकराची, मी बाराचा.

"अगं, गेम तुझा, बाप तुझा, पोर तुझी!" बाबा म्हणाले. "कोण येतंय बघायला?"

"म्हणूनच," ताई म्हणाली. "हा आकडा मी स्वतः जाऊन मागून आणलाय. तो माझ्याच घरात मोडू? वाढदिवसाला देईन तिला."

"तोवर मला दिसेनासं झालं तर?"

ताईने मला कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि बाबांनी खालच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढला.

सध्या मी तिथेच असतो. दुकानांतून, घरांतून हिंडणारे माझे भाऊबंद आहेतच. पण खरं सांगायचं तर माझा जीव असतो तो या फळीवर. मला तुमच्याकडून फारसं काही नको. कपाळावरचा आकडा जरूर वाचा. तो लावणारी माणसं वाईट नसतात, घाईत असतात. फक्त आकडा वाचून झाल्यावर डबी उघडाही. आणि मुलाला देण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून खेळून पाहा. तेवढ्याने मंडळाचं निम्मं काम हलकं होईल.

काल खालच्या टेबलावर डाव चालला होता. खरे पत्ते, खरी बटणं. त्या डब्यावर कोणाचाही शिक्का नाही, आजवर कोणी मागितलेलाही नाही. आजोबांपुढे एकच बटण उरलं होतं. पान कुठलं ते दिसावं म्हणून ते पत्ता डोळ्यांशी नेत होते.

"तीन राजे," ते म्हणाले, आणि त्यांचा हात टेपकडे गेला.

भिंगरीने टेपकडे पाहिलं. तिने उघडलेलं तोंड मिटलं. दारात ताई टॉवेलने हात पुसत उभी होती, ती तशीच थांबली.

"काय गं? 'खोटं' नाही म्हणालीस?"

"नाही आजोबा. मला खरंच वाटलं," भिंगरी म्हणाली, आणि तिचा गाल आतून फुगला.

आजोबा तिच्या अगदी समोर बसले होते. एवढं त्यांना अजून दिसतं. त्यांनी निळं बटण मुठीत मिटून घेतलं आणि पत्ते पिसायला लागले.

'खोटं' कोणीच म्हणालं नाही. वरच्या फळीवर मीही गप्प बसलो.